उत्तर : निवेदनावर सह्या झाल्या, पुढे काहीच हललं नाही

तुमची पोस्ट वाचली. संघर्षातून गेलेल्या दोन शेजारी देशांच्या संसदांच्या शिष्टमंडळांनी सीमेवरच्या नदीबद्दल संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. सहकार्याच्या समझोत्याचा मसुदा तेव्हापासून परराष्ट्र खात्यात 'विचाराधीन' आहे. निवडणूक तोंडावर आलीय आणि सभागृहाच्या अध्यक्षांच्या कार्यालयाला आता दुसरा दौरा हवाय. हे दुखणं चांगलंच ओळखीचं आहे, म्हणून जरा लांब लिहितोय. देशांची नावं दिली नाहीत ते उत्तम केलंत.

दोन्हीकडून समसमान सदस्य, विरोधी पक्षाला जागा, दोन सह-अध्यक्ष वगैरे तुम्हाला ठाऊक असणारच. ते सोडतो.

दौरा पुढे ढकला. पहिल्या दौऱ्याचा कागद कुठेच पोचला नसताना दुसरा दौरा काढला, तर समोरच्या संसदेतले जे मोजके लोक तुमच्या बाजूने बोलतात तेच त्यांच्या सभागृहात तोंडघशी पडतात. संघर्ष झालेल्या भागात शेजाऱ्याशी हात मिळवायची राजकीय किंमत त्यांनी आधीच मोजलेली असते.

आता मसुदा का अडलाय ते बघू. तुमच्या सचिवालयाने मसुद्यासोबत पाठवलेलं पत्र काढून वाचा. पैजेवर सांगतो, त्यात 'मान्यतेसाठी सादर' किंवा 'ना-हरकत मिळावी' असं काहीतरी असेल. सगळं इथेच बिघडतं. राज्यघटनेने ज्या खात्याला या विषयात नकाराधिकार दिलेला नाही, त्याला तो तुम्ही पत्रातून देऊन टाकता. टेबलवरच्या अधिकाऱ्याच्या जागी बसून बघा. होकार द्यायचा तर विधी शाखा, त्या देशाचं काम पाहणारी शाखा, राजशिष्टाचार आणि बहुधा सुरक्षा यंत्रणा, एवढ्यांच्या सह्या लागतात. नकार द्यायचा तर लेखी कारण द्यावं लागतं. गप्प बसायला काहीच लागत नाही. आमचा मसुदा अशाच एका कक्षाने सुकवला. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. प्रत्येक स्मरणपत्राला 'प्रकरण तपासाधीन आहे' एवढी एकच ओळ, तीही कुणाच्या तरी 'करिता' सहीने. असो.

पत्र मागे घ्या आणि नवं पाठवा. साधारण असं :

'दोन्ही संसदांच्या समित्यांमधील कामकाजाबाबतचा सोबतचा मसुदा माहितीसाठी पाठवत आहोत. या मसुद्यामुळे शासनावर कोणतेही आंतरराष्ट्रीय बंधन येत नाही. अभिप्राय असल्यास अमुक तारखेपर्यंत कळवावेत, त्यानंतर मसुदा अध्यक्षांसमोर निर्णयासाठी ठेवण्यात येईल.'

तीनच वाक्यं, पण यातलं एकही गाळू नका. पहिल्यामुळे परवानगीचा प्रश्न उरत नाही. दुसऱ्यामुळे विधी शाखेची धास्ती जाते. तिसऱ्यामुळे गप्प बसण्याचा अर्थ बदलतो. मुदत तीस दिवसांची ठेवा. आठवड्याची दिली तर उद्धटपणा दिसतो, तीन महिन्यांची दिली तर फाईल ढिगाच्या तळाशी जाते.

मात्र दुसरं वाक्य खरं असलं पाहिजे. मसुद्यात 'पक्ष राष्ट्रे', 'अंमलात येईल', 'लवाद' असले शब्द राहिले असतील तर विधी शाखा हा करारच आहे म्हणेल, आणि बरोबरच म्हणेल. 'सहभागी संसदा' लिहा, सह्या दोन अध्यक्षांच्या ठेवा, खर्च ज्याचा त्याने करायचा हे स्पष्ट लिहा. मी कायदेतज्ज्ञ नाही. काही देशांत संसदेला स्वतःच्या नावाने असा समझोता करता येतो का हाच वाद असतो, तेव्हा तुमच्या सभागृहाच्या कायदा सल्लागाराला आधी विचारा. मंत्रालयाच्या सल्लागाराला नव्हे.

मसुदा सभागृहातच मंजूर करून घेता आला तर फारच छान. फ्रान्स आणि जर्मनीने तेच केलं. मार्च २०१९ मध्ये फ्रान्सच्या नॅशनल असेंब्लीने आणि जर्मनीच्या बुंडेस्टॅगने संयुक्त मंडळाचा समझोता आपापल्या सभागृहात मताला टाकला आणि २५ मार्चला पॅरिसमध्ये ५० अधिक ५० सदस्यांची पहिली बैठक झाली. त्यांचा मजकूर मात्र उचलू नका. तो कित्येक दशकांच्या शांततेनंतर लिहिलेला आहे. घ्यायची ती फक्त मतदानाची वाट.

आता सही झालेल्या निवेदनाबद्दल. ते सभागृहाच्या पटलावर ठेवलंय, म्हणजे अधिकृतपणे सादर केलंय का? पोस्टमध्ये याचा उल्लेखच नाही, म्हणजे बहुधा नसावं. मग संसदेच्या दृष्टीने तो कागद जन्मालाच आलेला नाही. आठ-दहा सदस्यांनी परगावी केलेल्या सह्या, एवढीच त्याची किंमत. शिष्टमंडळाचा अहवाल संबंधित स्थायी समितीकडे द्या, समितीकडून तो स्वीकारून घ्या आणि समितीचा अहवाल म्हणून पटलावर ठेवा. निवेदनातलं प्रत्येक कलम शिफारस म्हणून लिहा, आणि प्रत्येक शिफारशीपुढे एकाच मंत्रालयाचं नाव. 'संबंधित यंत्रणांनी' असं लिहिलंत की कुणीच संबंधित राहत नाही. समितीच्या अहवालाला सरकारने ठरावीक मुदतीत उत्तर द्यावं असा नियम बऱ्याच संसदांत असतो. तुमच्याकडे असेल तर तुम्हाला फुकटात घड्याळ मिळालं. समोरच्या संसदेने त्याच आठवड्यात त्यांच्या पटलावर ठेवावं, म्हणजे 'आधी त्यांनी करावं' हा खेळ सुरू होत नाही.

आणि हे सभागृह विसर्जित व्हायच्या आत. अपुरं कामकाज बहुतेक ठिकाणी विसर्जनाबरोबर व्यपगत होतं, म्हणजे आपोआप रद्द होतं. मैत्री गटाच्या भरवशावर राहू नका. मैत्री गट म्हणजे त्या देशाशी संबंध ठेवणाऱ्या सदस्यांची यादी, निवडणुकीनंतर निम्मी नावं गळतात. काम स्थायी समितीच्या कार्यकक्षेत लिहून घ्या आणि दोन्ही सचिवालयांतला एकेक अधिकारी नावाने नव्हे, पदाने नेमा.

सभागृहच नसेल तर काय होतं याचं उदाहरण आयर्लंडमध्ये आहे. उत्तर आयर्लंडमधला संघर्ष मिटवणाऱ्या १९९८ च्या गुड फ्रायडे करारात उत्तर आयर्लंडची असेंब्ली आणि दक्षिणेची, म्हणजे आयर्लंड देशाची संसद यांनी समसमान सदस्यांच्या संयुक्त मंचाचा विचार करावा, असं कलम आहे. भाषा 'विचार करावा' एवढीच, मुदत नाही, जबाबदार पद नाही. त्या मंडळाची पहिली बैठक व्हायला २०१२ उजाडलं. पुढे उत्तरेची असेंब्ली जानेवारी २०१७ ते जानेवारी २०२० आणि पुन्हा २०२२ ते २०२४ ठप्प होती. एका बाजूची संसदच ठप्प, तर संयुक्त मंडळ बसणार कुणाबरोबर?

नदीचा विषय निवडलात हे शहाणपणाचं आहे. पण 'नदीबाबत सहकार्य वाढवू' हे काम नव्हे. संसदेच्या हातात खरोखर असलेली गोष्ट म्हणजे अनुसमर्थन, सरकारने सही केलेल्या कराराला द्यायची मान्यता. साव्हा नदी बघा. युगोस्लाव्हियातल्या युद्धांनंतर स्लोव्हेनिया, क्रोएशिया, बोस्निया आणि तेव्हाचा युगोस्लाव्हिया यांनी २००२ मध्ये या खोऱ्याचा चौकट करार केला. त्याखालचा पूर संरक्षणाचा प्रोटोकॉल (पूरक करार) २०१० मध्ये सही झाला. पुराचा अंदाज एकमेकांना देणं, धोक्याचे नकाशे, सामायिक आराखडा हे सगळं त्यात होतं. तो अंमलात आला २०१५ च्या अखेरीस, आणि मधे मे २०१४ मध्ये बोस्निया, सर्बिया, क्रोएशियात महापूर येऊन गेला. अनुसमर्थन वेळेत झालं असतं तर पूर टळला असता असा दावा मी करत नाही. पण दोन शेजारी संसदीय समित्यांनी एकच तक्ता ठेवायचा, त्यात कोणता दस्तऐवज कोणाच्या सभागृहात कुठल्या वाचनावर अडलाय ते लिहायचं, आणि दर सत्रात आपापल्या मंत्र्याला त्याच शब्दांत तोच प्रश्न विचारायचा. एवढं दोन कारकून आणि एक ईमेल यांच्या बळावर होतं. निवेदनापेक्षा हा तक्ता मला जास्त मोलाचा वाटतो.

पाट्यांचा वाद तुमच्याकडे आहे की नाही कळलं नाही. एक बाजू दुसरीला किंवा तिच्या एखाद्या प्रदेशाला मान्यता देत नसेल तर बैठक पहिल्या पाच मिनिटांत मोडते, तीही टेबलावरच्या पाटीवरून. सर्बिया कोसोव्होला देश मानत नाही, म्हणून बाल्कनमध्ये फेब्रुवारी २०१२ च्या तोडग्यात प्रादेशिक बैठकांसाठी कोसोव्होच्या नावापुढे तारांकन आणि खाली तळटीप ठरली. तळटीपेत सर्बिया ज्याचा आधार घेतो तो सुरक्षा परिषदेचा ठराव १२४४ आणि कोसोव्हो ज्याचा आधार घेतो ते स्वातंत्र्याच्या घोषणेबद्दलचं आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं मत, दोन्हींचा उल्लेख, म्हणजे दोघांनाही आपलंच खरं म्हणता येतं. तुम्हाला इतक्या खोलात जायची गरज नसेल तर पाटीवर फक्त व्यक्तीचं नाव लिहा, झेंडे ठेवूच नका, आणि बसण्याचा क्रम आडनावाप्रमाणे. हे आदल्या संध्याकाळी नाही, निमंत्रणासोबतच लेखी ठरवा. छायाचित्रकाराची पार्श्वभूमीही तपासा. भिंतीवरचा नकाशा सगळे विसरतात.

दुभाषांवर पैसे वाचवू नका. प्रत्येक बूथमध्ये दोघं लागतात, कारण साधारण वीस-तीस मिनिटांनी माणूस बदलावा लागतो. एकट्याला दिवसभर बसवलंत तर दुपारनंतर तो वाक्यं गाळायला लागतो, आणि नेमका मसुद्यावरचा वाद दुपारीच असतो. शेजाऱ्यांच्या भाषा एकमेकांना कळत असल्या तरी भाषांतराच्या वाहिन्या वेगळ्या ठेवा, हा सन्मानाचा प्रश्न असतो.

अनेक देशांच्या संसदांच्या प्रादेशिक मंचावर सगळी भिस्त ठेवावी का, असं खाली एकाने विचारलंय. माझ्या मते ठेवू नये. आफ्रिकेतल्या महासरोवर प्रदेशात सुरक्षेबद्दलच्या २००६ च्या नैरोबी करारानंतर २००८ मध्ये संसदांचा मंच उभा राहिला, त्याचं मुख्यालय किन्शासात आहे. काँगो आणि रवांडा त्या करारामागच्या एकाच प्रादेशिक परिषदेचे सदस्य आहेत आणि तरीही जानेवारी २०२५ मध्ये काँगोतलं गोमा शहर रवांडाचं पाठबळ असलेल्या एम-२३ या बंडखोर गटाच्या हाती गेलं. दोघं थेट भेटू शकत नाहीत तेव्हा अशा मंचाचा मार्ग उपयोगी पडतो, पण तो तेवढाच. तुमचा तक्ता त्यांच्या सचिवालयात ठेवायला देऊ नका.

अध्यक्षांच्या कार्यालयाला दौऱ्याऐवजी काय द्यायचं? सचिवालयांची तांत्रिक बैठक. दोन्हीकडून दोन-दोन अधिकारी, एक दिवस, सीमेजवळचं गाव, पत्रकार नाहीत, निवेदन नाही. विषय एकच : दोन्ही समित्यांचे अहवाल कोणत्या आठवड्यात पटलावर जाणार. अध्यक्षांना छायाचित्र हवंच असेल तर अहवाल पटलावर गेल्यावर काढा.

तुमच्या कार्यपद्धतीच्या नियमांत समितीच्या अहवालाला सरकारी उत्तराची मुदत किती आहे आणि विसर्जनानंतर अहवालाचं काय होतं, ही दोन कलमं इथे टाकाल का? त्यावर पत्राची मुदत ठरवता येईल.