मनूने सोबत काय घेतले?

प्रश्न : शेजारच्या ख्रिस्ती बाईंनी नोहाच्या तारवाची गोष्ट सांगितली. ती मला हुबेहूब मत्स्यावतारासारखी वाटली. मग मूळ गोष्ट कुणाची? आणि सगळीकडे ती सापडते म्हणजे एके काळी सारी पृथ्वी खरेच बुडाली होती का?
– एक वाचक, साखळी

उत्तर : हुबेहूब म्हणण्याआधी शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथातली कथा पाहा. आपल्याकडची ही सर्वांत जुनी. सकाळी हात धुताना मनूच्या हातात एक इवलासा मासा येतो. म्हणतो, ‘मला सांभाळ, मी तुला तारीन.’ मोठे मासे आपल्याला गिळतील, एवढीच त्याची भीती. मनू त्याला आधी मडक्यात, मग खड्ड्यात वाढवतो आणि शेवटी समुद्रात सोडतो. पूर आल्यावर मनू नावेचा दोर त्याच्या शिंगाला बांधतो आणि मासा नाव उत्तरेच्या डोंगराशी नेतो.

इथे पाप नाही, शिक्षा नाही, कोपलेला देव नाही. मासा विष्णू आहे असेही म्हटलेले नाही. महाभारताच्या वनपर्वात तो स्वतःला प्रजापती ब्रह्मा म्हणवतो; विष्णू होतो तो पुराणांत. मडगावला संस्कृत शिकवत असताना मी हा उतारा वर्गात घेत असे. एकदा एका ख्रिस्ती मुलीने विचारले, “सर, मनून जनावरां घेतलीं ना?” नोहासारखी जनावरे मनूने नाहीच घेतली! शतपथात तो एकटाच आहे. सप्तर्षी आणि बीजे महाभारतात येतात. तुलना करायची ती त्या मुलीने केली तशी: काय जुळते याबरोबर काय गायब आहे तेही शोधत.

नोहाच्या कथेत माणसांची दुष्टाई वाढली म्हणून देव जलप्रलय आणतो. त्याहून जुन्या बाबिलोनी अत्राहसीस काव्यात कारण वेगळेच. माणसे फार झाली, त्यांच्या गोंगाटाने एनलिल देवाची झोप उडाली. गिलगामेशच्या बाबिलोनी काव्यात पुरातून वाचलेला उत्नपिश्तीम पाणी ओसरले का ते पाहायला कबुतर, मग पाकोळी, मग कावळा सोडतो. नोहा आधी कावळा, मग कबुतर सोडतो. इतका बारीक तपशील योगायोगाने जुळत नाही. बाबिलोनी पाट्या वाचणाऱ्या जॉर्ज स्मिथ या इंग्रज अभ्यासकाने ३ डिसेंबर १८७२ रोजी लंडनमध्ये हा मजकूर वाचून दाखवला तेव्हा खळबळ उडाली ती याचमुळे. अत्राहसीस काव्याच्या आज उपलब्ध असलेल्या मातीच्या पाट्या इ. स. पूर्व सतराव्या शतकातल्या, म्हणजे बायबलच्या कितीतरी आधीच्या. तेव्हा नोहाच्या गोष्टीचे माहेर तैग्रिस-युफ्रेटिस नद्यांच्या खोऱ्यात, आजच्या इराककडे, आहे, हे मी निःशंक सांगेन. मनूचे तसे नाही. त्याच्या कथेत पक्षी नाहीत, बाबिलोनी आणि बायबलच्या कथांत वाचवणारा मासा नाही. उसनवारी झाली असे मानणारे विद्वान आहेत, पण मला ती सिद्ध झालेली वाटत नाही.

कुराणातही नूहची कथा आहे. त्यात त्याचा एक मुलगा नावेत चढायला नकार देतो, ‘डोंगरावर आसरा घेईन’ म्हणतो आणि बापाच्या डोळ्यांदेखत बुडतो. या सगळ्या कथांत मला सर्वांत चटका लावणारी जागा हीच.

सारी पृथ्वी बुडाली का? नाही. इराकमधल्या ऊर आणि शुरुप्पक या जुन्या शहरांच्या उत्खननात पुराच्या गाळाचे थर सापडले, पण ते वेगवेगळ्या काळांतले निघाले. महापूर अनेक झाले. तुमच्या साखळीच्या वाळवंटी नदीचे पाणी बाजारात शिरलेले तुम्ही पाहिले असेल. नदीकाठी राहणाऱ्याला प्रलयाची कल्पना दुसऱ्या देशातून आणावी लागत नाही.

शेजारणीला एक जरूर सांगा. फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूने क्रिस्तपुराणात बायबलची कथा मराठी ओवीत आणली आणि १६१६ साली ते इथेच, गोव्यात रायतूरला छापले गेले. नोहाची गोष्ट त्यातून दोघींनी मिळून वाचा.

प्रश्न : परशुरामाने समुद्र हटवला, ती प्रलयकथाच ना?
– एक वाचक, पेडणे

उत्तर : अर्धी. ब्रह्मांडपुराणात सगरपुत्रांनी जमीन खणल्यावर समुद्र आत शिरतो आणि गोकर्ण क्षेत्र बुडते. मग ऋषी परशुरामाकडे येतात आणि तो समुद्राला मागे रेटतो. इथे नाव बांधून निसटणे नाही, बुडालेली जमीन परत मिळवणे आहे. मांडवी-जुवारीच्या काठी बांध आणि मानस (पाणी अडवायची-सोडायची दारे) घालून खाजन, म्हणजे खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या जमिनीतली, शेती करणाऱ्या गोमंतकीयांना ही कथा आपली वाटली, यात मला नवल वाटत नाही.