पेड्सक्यूएलमध्ये मुलाचे ८०, आईचे ६१, मग खरं कुणाचं धरायचं?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. मुलगा १० वर्षांचा, टाइप १ डायबेटिस, ओपीडीत पेड्सक्यूएलचे (मुलाचं रोजचं जगणं कसं चाललंय ते मोजणारी प्रश्नावली) दोन फॉर्म दिले, एक त्याला आणि एक त्याच्याबद्दल तुम्हाला, त्याच्या फॉर्मवर ८० च्या आसपास आले आणि तुमच्या फॉर्मवर ६१, आणि आता तुम्हाला वाटतंय की त्याला प्रश्न कळलेच नाहीत किंवा तो लपवतोय. मी लहान मुलांच्या डायबेटिस क्लिनिकमध्ये काउन्सेलर आहे, हे फॉर्म भरून घेणं माझं नेहमीचंच काम, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तो आकडा येतो कुठून ते सांगते. प्रश्न २३, त्यातले ८ शारीरिक, आणि भावना, मित्रमंडळी, शाळा यांचे प्रत्येकी ५. गेल्या महिन्यात या गोष्टीचा किती त्रास झाला असं विचारतात, 'कधीच नाही' म्हणजे ० आणि 'जवळजवळ नेहमी' म्हणजे ४, मग ते उलटं फिरवतात, ० ला १००, १ ला ७५, असं करत ४ ला शून्य, आणि सगळ्यांची सरासरी. आकडा जास्त तेवढं चांगलं.

आता फरक का पडतो. जुना आजार असलेली मुलं स्वतःला जेवढं बरं समजतात, त्यापेक्षा आईबाबा त्यांना कमी समजतात, हे खूप ठिकाणी दिसतं. रात्री तीनला उठून शुगर तुम्ही चेक करता, तो झोपलेला असतो! तुमची ती काळजी तुमच्या फॉर्ममध्ये उतरणारच. पळताना दम लागतो का, थकतो का, हे घरात दिसतं त्यामुळे शारीरिक भागात दोघांचं बऱ्यापैकी जुळतं, पण भीती वाटते का, वर्गात कोण चिडवतं, हे त्यालाच माहीत. त्यामुळे माझं स्पष्ट मत, तुमच्या फॉर्मने त्याचा फॉर्म दुरुस्त करू नका. पाचव्या वर्षापासून मुलांचा स्वतःचा फॉर्म आहे (लहानग्यांना चेहऱ्यांची चित्रं दाखवून विचारतात), १० वर्षांच्या मुलाला नीट सांगता येतं. आईबाबांचं एकट्याचं उत्तर मुख्य धरायचं ते मूल खूप लहान असेल किंवा उत्तर देण्याच्या अवस्थेत नसेल तेव्हा.

फक्त एक बघा, त्याने एकट्याने भरला का? शेजारी बसून "अरे तुला झोप लागत नाही ना, मग ते लिही की" असं झालं असेल तर तो फॉर्म त्याचा राहत नाही, परत भरू द्या.

आणि टोटल बाजूला ठेवून दोन्ही कागद प्रश्नागणिक लावून बघा, खरा माल तिथे आहे. एखाद्या मुलाचं एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा) छान असतं आणि 'बाकीची मुलं चिडवतात' पुढे ४ असतात, आई तिथे ० लिहून मोकळी, कारण शाळेत इन्सुलिन घ्यायला तो बाथरूममध्ये जातो हे घरी कुणाला ठाऊकच नसतं. शाळेच्या भागात शेवटचे दोन प्रश्न शाळा बुडण्याचे आहेत, एक बरं नव्हतं म्हणून, दुसरा डॉक्टरकडे जायचं होतं म्हणून. दुसऱ्यावर त्याने जास्त लिहिलं असेल तर डॉक्टरांना सांगून सुट्टीच्या दिवशीची अपॉइंटमेंट मागा, लाजू नका.

पुढच्या वेळी परत भराल तेव्हा त्याचा त्याच्याशी आणि तुमचा तुमच्याशीच ताडून बघा, आणि एकूण आकड्यात चार-पाच पॉइंटच्या आतला फरक असेल तर त्यावर ना खूश व्हा ना घाबरा.