कोरलचा तुकडा दगडावर टिकवायचा तर

भाऊ, खाऱ्या पाण्याच्या टाकीत दगडावर चिकटवलेला कोरलचा (प्रवाळाचा) तुकडा परत परत सुटतो म्हणता, पण त्याचा दोष ग्लूला देऊ नका, आधी तुकड्याचं बूड बघा. ओलं, बुळबुळीत बूड कशालाच धरत नाही. झोअँथिड (बटणांच्या झुपक्यासारखा दिसणारा कोरलसारखा जीव) असेल तर बाहेर काढून बूड टिश्यूनं टिपा आणि जेलवाला सुपरग्लू लावा. पातळ ग्लू ओघळतो. पाण्यात जाताच ग्लूवर पांढरट साय धरते. दगडावर टेकवून तुकडा हलकेच गोल फिरवला की साय फाटते आणि आतला ताजा ग्लू पकड घेतो. तोवर पंप बंद.

हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय झोअँथिडला हात लावू नका. काहींत पॅलिटॉक्सिन हे जबर विष असतं. झोअँथिड चिकटलेला दगड तर चुकूनही उकळू नका, वाफही घातक ठरते.

मशरूम कोरलला (छत्रीसारखा दिसणारा मऊ प्रकार) ग्लू नकोच, तो चिकट स्राव सोडून निसटतो. उथळ वाटीत दगडाचा चुरा, त्यावर मशरूम, वर जाळी, आणि वाटी कमी प्रवाहाच्या कोपऱ्यात. तो स्वतःच धरतो. लेदर कोरल (चामड्यासारखा मऊ प्रकार) दोऱ्यानं बांधा, पण सैल. आवळलं तर चिरतं.

टणक (दगडी सांगाड्याचे) कोरल मात्र घेऊ नका, कुणी कितीही गळ घातली तरी. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत ते आहेत.

आणि आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. चिलर (टाकीचं पाणी थंड ठेवणारं यंत्र) नसेल तर कोरलची कापाकापी उन्हाळ्यात करू नका, दिवाळीनंतर करा.