लिथियम घ्या, पण एकाच गाडीला. आणि एफडी न मोडता

प्रश्न: गुहागर तालुक्यात समुद्राकडे उतरत जाणाऱ्या नारळी-पोफळीच्या वाडीत आमची आठ कॉटेजेस आहेत. खोलीचं भाडं ३,५०० रुपये. पाहुण्यांच्या गाड्या वरच्या रस्त्यालाच लागतात, म्हणून माणसं आणि सामान खाली न्यायला आम्ही सहा सीटच्या दोन गोल्फ कार्ट घेतल्या. दोन्हींच्या लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या चार वर्षांच्या झाल्या. गेल्या मे महिन्यात भर दुपारी चार्ज संपायचा आणि वयस्कर पाहुण्यांना चढ चालत चढावा लागायचा. विक्रेता म्हणतो, लिथियम बसवा, दहा वर्षं बघायला नको. एका गाडीचे १,८०,००० अधिक जीएसटी, त्यातून जुन्या बॅटऱ्यांचे १६,००० वजा. लेड-अ‍ॅसिडचा नवा संच जीएसटी धरून ९६,०००. गणपतीच्या आत घेतलं तर लिथियमवर ५ टक्के सूट आहे. आमची ५ लाखांची एफडी आहे. ती मोडून दोन्ही गाड्यांना लिथियम बसवावं का? पावसाळ्याचा खर्चही त्यातूनच निघतो आणि पुढच्या जूनमध्ये मुलीची इंजिनीअरिंगची फी भरायची आहे.

उत्तर: ताई, आधी निर्णय सांगतो, मग हिशेब. एका गाडीला लिथियम बसवा, तेही दिवाळीच्या तोंडावर. दुसऱ्या गाडीसाठी यंदा काहीही विकत घेऊ नका. एफडी मोडू नका.

विक्रेत्याच्या कोटेशनमध्ये जुन्या बॅटऱ्यांचे १६,००० फक्त लिथियमच्या किमतीतून वजा केले आहेत. ते शिशाच्या भंगाराचे पैसे आहेत. तुम्ही नवा लेड-अ‍ॅसिड संच घेतलात तरी ते मिळायलाच हवेत. म्हणून तुलना करताना दोन्हीकडून ते बाजूला ठेवा. जीएसटी मात्र किमतीत धरायलाच हवा. १८ टक्क्यांनी ३२,४०० होतात, आणि ‘ते परत मिळतात’ असं कोणी म्हणालं तर तुमच्या बाबतीत ते खरं नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोल्यांवर ५ टक्के जीएसटी लागतो आणि त्यावर इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेला जीएसटी वळता करून घेणं) मिळत नाही. म्हणजे तुमच्यासाठी लिथियमची खरी किंमत २,१२,४०० आणि लेड-अ‍ॅसिडची ९६,०००. आज खिशातून १,१६,४०० जास्त जाणार, एका गाडीमागे.

आता आठ वर्षांचा हिशेब. लेड-अ‍ॅसिड आज ९६,०००. तुमच्या अनुभवाप्रमाणे चार वर्षांनी पुन्हा ९६,०००, त्यातून भंगाराचे १६,००० वजा, म्हणजे ८०,०००. आठव्या वर्षाअखेर पुन्हा १६,००० परत. एकूण १,६०,०००. डिस्टिल्ड वॉटर, टर्मिनलची साफसफाई आणि चार्जिंगला जाणारी जास्तीची वीज मिळून मी वर्षाला ५,००० धरतो, त्याचे ४०,०००. बेरीज दोन लाख. लिथियमचे २,१२,४००. शिवाय लेड-अ‍ॅसिडचा दुसरा हप्ता चार वर्षांनी द्यायचा आहे, तोवर ते पैसे तुमच्या बँकेत व्याज कमावतील. थोडक्यात, निव्वळ रुपयांत लिथियम आठ वर्षांत पैसे वसूल करत नाही. दहा वर्षं चाललं तर करेल.

चालेल का? एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) जातीच्या लिथियम बॅटऱ्यांना दोन-तीन हजार चार्ज सायकल, म्हणजे तितक्या वेळा पूर्ण भरून उतरवणं, सहज सांगतात, आणि ते खोटं नसतं. पण तुमचा हंगाम ऑक्टोबर ते मे. वर्षाला दोनशे-सव्वादोनशे पूर्ण सायकलही भरणार नाहीत. बॅटरी सायकलने संपण्याआधी वयाने, उष्म्याने आणि खाऱ्या हवेने थकेल. त्यामुळे सायकलच्या आकड्याला भुलू नका. वॉरंटी किती वर्षांची आहे आणि क्षमता किती टक्क्यांवर आली की बदलून देणार, हे बिलावर लिहून घ्या. पाच वर्षांची वॉरंटी असेल तर वर्षाचा खर्च ४२,००० च्या पुढे जातो, आणि तेवढीच खात्री तुमच्या हातात आहे.

मग घ्यायचं कशाला? मे महिन्यातल्या त्या दुपारींसाठी. लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याहून खाली वारंवार उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. लिथियम ८० टक्के वापरली तरी चालते. लेड-अ‍ॅसिडला पूर्ण चार्ज व्हायला रात्र लागते. लिथियम, चार्जर त्या ताकदीचा असेल तर, पाहुणे जेवायला बसलेले असताना बरीच भरून निघते. आणि वजन: आठ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या मिळून पावणेदोनशे किलोच्या घरात जातात, तेवढ्याच कामाचा लिथियम पॅक पन्नासेक किलोचा. जांभ्याच्या त्या चढावर हा फरक मोटरलाही जाणवतो आणि ब्रेकलाही. चेक-इन, चेक-आउटच्या वेळी एक गाडी हमखास उभी असणं, याला मी एक लाख सोळा हजार द्यायला तयार आहे. दोन्ही गाड्यांसाठी तीच रक्कम दुप्पट करून द्यायला मात्र नाही.

दुसऱ्या गाडीचं असं करा. दोन्ही संच एकाच वयाचे आहेत, तुमच्याकडे एकूण बारा बॅटऱ्या आहेत. सगळ्याच सारख्या खराब झालेल्या नसतात. पूर्ण चार्ज करून प्रत्येक सेलचं (बॅटरीतल्या प्रत्येक कप्प्याचं) हायड्रोमीटर रीडिंग, म्हणजे आतल्या द्रवाची घनता, घ्यायला सांगा. चांगला सेल १.२६५ च्या आसपास दाखवतो, आणि एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने खाली असेल तर ती बॅटरी गेलेली. मग लोड टेस्ट, म्हणजे भार देऊन बॅटरी किती टिकते ते बघणं. बारांतून सर्वात बऱ्या सहा निवडून दुसऱ्या गाडीत बसवा, उरलेल्या सहा भंगारात द्या, तेही अधिकृत विक्रेत्याकडे पावती घेऊनच. ही दुसरी गाडी सामानासाठी आणि सकाळच्या फेऱ्यांसाठी ठेवा. एक-दोन हंगाम निघावेत. नव्या-जुन्या बॅटऱ्यांची मिसळ मात्र करू देऊ नका, जुनी नवीला ओढून खाली आणते.

या बॅटऱ्या चार वर्षांत का गेल्या, याचाही विचार करा. पावसाळ्यात गाड्या ताडपत्रीखाली झाकून तशाच ठेवत असाल तर उत्तर तिथेच आहे. लेड-अ‍ॅसिड बॅटरी नुसती उभी असली तरी उतरत जाते, आणि उतरलेल्या अवस्थेत जून ते सप्टेंबर राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं, ते पुढे निघत नाही. महिन्यातून एकदा पाणी बघून पूर्ण चार्ज करा, टर्मिनलला व्हॅसलीन लावा. लिथियमची रीत वेगळी: साधारण निम्म्या चार्जवर ठेवायची आणि मेन स्विच काढायचा. कारण मोटरचा कंट्रोलर आणि बॅटरीतलं बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट) थोडा थोडा करंट खात राहतात, आणि पॅक अगदी तळाला गेला तर बीएमएस तो बंदच करून टाकतं. वाडीत उंदीर असतातच, वायरी तपासून घ्या.

ऑर्डर देण्याआधी बीएमएसचा अ‍ॅम्पिअरचा आकडा विचारा. सहा माणसं घेऊन चढताना ४८ व्होल्टची कार्ट काही क्षण दोनशे अ‍ॅम्पिअरच्या वर ओढू शकते. पॅक शंभरालाच बंद पडणारा असेल तर ऐन चढावर गाडी थांबेल. उतारावरही बघायचं आहे: तुमच्या गाडीत मोटरने ब्रेक लागण्याची सोय असेल आणि वरच्या टोकाला बॅटरी पूर्ण भरलेली असेल, तर ब्रेक लागताना तयार होणारी वीज घ्यायला जागा नसल्याने बीएमएस ती अडवू शकतं. कोटेशनमध्ये लिथियमचा चार्जर, चार्ज दाखवणारा नवा मीटर, दिव्यांसाठीचा कन्व्हर्टर आणि पॅक घट्ट बसवायची फ्रेम आहे ना, हे पाहा. जुना चार्जर चालेल असं कोणी म्हणालं तर दुसरा विक्रेता शोधा.

गणपतीच्या सवलतीचं आमिष सोडा. ५ टक्के म्हणजे जीएसटी धरून १०,६२० रुपये, आणि त्यासाठी बॅटरीचे पैसे द्यायला निघायचं कुठल्या महिन्यात, तर आवक जवळजवळ बंद असताना. गणपतीत चाकरमानी आपापल्या घरी उतरतो, रिसॉर्टवर नाही. तुमची गल्ल्यातली आवक दिवाळीच्या सुटीच्या बुकिंगपासून सुरू होते. ऑक्टोबरमध्ये त्या आगाऊ रकमांतून निम्मे द्या आणि बाकीचे डिसेंबरच्या गर्दीतून. विक्रेता थांबायला तयार नसेल तर एफडीवर ओव्हरड्राफ्ट (ठेवीच्या तारणावर कर्ज) घ्या. व्याज साधारण एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त पडतं, पण वापराल तेवढ्यावरच, आणि ठेव जागेवर राहते. एफडीतला पैसा आधीच दोन ठिकाणी बांधलेला आहे: पावसाळ्यातले पगार-डागडुजी आणि जूनची फी. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने रायगड-रत्नागिरीतल्या किती वाड्या झोपवल्या ते तुम्ही जवळून पाहिलं आहे. अशा किनाऱ्यावर धंदा करणाऱ्या घरात हाताशी रोकड हवीच. विमा एजंटलाही विचारा की कार्ट आणि नवी बॅटरी पॉलिसीत नावानिशी आहेत का आणि पुराचं पाणी त्यात धरलंय का. उत्तर लेखी घ्या.

आयकरात अंदाजित उत्पन्नाची योजना, म्हणजे उलाढालीच्या ६ किंवा ८ टक्के नफा दाखवणं, तुम्ही घेत असाल तर बॅटरीचा खर्च वेगळा वजा होत नाही. तेव्हा ‘टॅक्स वाचेल’ म्हणून घाई करू नका.

शेवटचे २०,००० हातात राखून ठेवा. सहा मोठी माणसं बसवून, भर दुपारी, समुद्राकडून वरच्या रस्त्यापर्यंत गाडी लागोपाठ पाच वेळा न अडखळता चढली, की तेव्हाच ते द्या. ही अट ऑर्डरच्या कागदावर आधीच लिहून घ्या.