क्लबच्या ग्लायडरमध्ये वेगमापक ८० मिलिमीटरचाच असावा

आपल्या जर्मनीतील क्लबच्या एएसके २१ या दोन आसनी प्रशिक्षण ग्लायडरमध्ये पुढच्या पॅनेलवर मोठा नकाशा-डिस्प्ले बसवण्यासाठी वेगमापक आणि अल्टिमीटर (उंचीमापक) ८० ऐवजी ५७ मिलिमीटर व्यासाचे घ्यावेत का, असे आपण विचारले आहे. आमच्या क्लबने हाच निर्णय घेतला होता आणि त्याचे परिणाम मी जवळून पाहिले आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

जागा वाचवायचीच असेल, तर ती व्हेरिओ (चढ-उताराचा वेग आवाजानेही सांगणारे यंत्र), फ्लार्म या टक्कर-इशारा यंत्रणेचा डिस्प्ले आणि रेडिओ यांत वाचवावी. व्हेरिओ आपण बहुतेक वेळ कानांनीच ऐकतो. वेगमापक आणि अल्टिमीटर यांना मात्र हात लावू नये, असे माझे ठाम मत आहे.

५७ आणि ८० यांतील फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण तबकडीचे क्षेत्रफळ जवळजवळ निम्म्यावर येते. एएसके २१ ची कमाल वेगमर्यादा ताशी २८० किलोमीटर असल्याने तबकडी साधारण ३०० पर्यंत असते. विंचने, म्हणजे जमिनीवरून दोराने ओढून, वर जातानाचा कमाल वेग मात्र १५० आणि स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल तुटण्याचा, वेग ६५ च्या आसपास. म्हणजे विद्यार्थ्याला ज्या वेगांची खरी काळजी असते, ते सगळे एका फेऱ्याच्या तबकडीत तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी जागेत दाटलेले असतात, आणि विंचच्या चढाईत त्याला तेथे ओझरती नजरच टाकता येते. ५७ अटळच असेल, तर काटा सुमारे दीड फेरा फिरणारी, ५१० अंशांची तबकडी घ्यावी. पण तिच्यात दोन वेगळे वेग काट्याच्या एकाच स्थितीत येतात, हे नवशिक्यांना नीट शिकवावे लागते.

खासगी मालक आपल्या डोळ्यांपुरते यंत्र निवडतो. क्लबमध्ये त्याच आसनावर सकाळी चौदा वर्षांची मुलगी एकटीने उडते आणि दुपारी प्रोग्रेसिव्ह चष्मा लावणारे सत्तरीचे सदस्य बसतात. निर्णयाआधी सर्वांत ज्येष्ठ सदस्यांना पट्टे आवळून, कॅनोपी लावून, पाठीमागून ऊन येत असताना बसवावे आणि अल्टिमीटरच्या खिडकीतील हवेच्या दाबाचे (हेक्टोपास्कलचे) आकडे वाचायला सांगावे. एका हेक्टोपास्कलला सुमारे ८ मीटर धरले, तर ५ हेक्टोपास्कलच्या चुकीने ४० मीटरचा फरक पडतो, आणि उतरण्यापूर्वीच्या फेरीत (सर्किटमध्ये) तो मोठा आहे.

आम्हाला सर्वांत महाग पडले ते रंगीत पट्ट्यांचे प्रकरण. नवा ५७ चा वेगमापक कोऱ्या तबकडीचा आला. त्यावर नेहमीच्या वेगांचा हिरवा आणि सावधगिरीचा पिवळा पट्टा, कमाल वेगाची लाल रेषा आणि उतरतानाच्या वेगाचा ९० वरचा पिवळा त्रिकोण कोणी लावायचा आणि त्याखाली सही कोणाची, एवढाच आमचा प्रश्न होता. कार्यशाळेने मालकाकडे बोट दाखवले. आणि ज्या कार्यालयाकडे आमची कागदपत्रे होती, त्याने प्रत्येक पत्राला ‘दोन्ही आकार मान्य आहेत’ एवढेच उत्तर दिले, जे कोणी विचारलेच नव्हते. एप्रिल-मेचे उत्तम थर्मल (ग्लायडरला वर नेणारे उष्ण हवेचे झोत) वाया गेले, ग्लायडर हँगरमध्ये उभे राहिले आणि त्या वर्षी सोलोला (एकट्याने उडण्याला) तयार असलेली मुले ताटकळली, याचा मला आजही राग येतो. शेवटी दुसऱ्या एका तपासनीसांनी उड्डाण पुस्तिका समोर ठेवून ते काम एका दुपारी संपवले. म्हणून खुणा तबकडीवरच छापून देण्याची अट ऑर्डरमध्ये लेखी घालावी. काचेवर लावलेल्या खुणा तिरक्या नजरेने सरकलेल्या दिसतात, काच फिरली तर चुकीच्याच ठरतात, आणि लहान तबकडीवर तेवढ्या अंतराने वाचनात अधिक फरक पडतो.

मी परवानाधारक तपासनीस नाही. आपल्या ग्लायडरची पुस्तिका आणि आपले तपासनीस यांचे म्हणणे अंतिम मानावे. बदल केलाच, तर या यंत्रांना हवेचा दाब पोहोचवणाऱ्या नळ्यांची गळती तपासणे आणि उपकरणांची यादी व वजनाची नोंद सुधारणे विसरू नये. पॅनेल नवे कापून घेणार असाल, तर वरच्या ओळीत ८० चीच छिद्रे ठेवावीत: ८० च्या छिद्रात अडॅप्टर पट्टी लावून ५७ चे यंत्र बसते, पण ५७ चे छिद्र मोठे करायला शेजारच्या यंत्रांमध्ये जागाच उरत नाही.