पाचोरा–जामनेर नॅरोगेजवरच्या बंद स्टेशनची इमारत पडण्याआधी काय करता येईल?

नॅरोगेजचं (अरुंद रुळांचं) ब्रॉडगेज (रुंद रूळ) करण्याच्या कामात तुमच्या गावचं जुनं स्टेशन जाईल, त्याआधी त्याची नोंद कशी करावी आणि तोवर पावसात ते ढासळू नये म्हणून डागडुजी काय करावी, असं तुम्ही विचारलंय.

आधी परवानगी. पीजे, म्हणजे पाचोरा–जामनेर गाडी, मार्च 2020 पासून बंद असली तरी जागा रेल्वेचीच आहे. विनापरवाना आत शिरणं रेल्वे कायदा 1989 च्या कलम 147 खाली गुन्हा ठरतो. भुसावळच्या डीआरएम (विभागीय रेल्वे व्यवस्थापक) कार्यालयात ग्रामपंचायतीच्या ठरावासह अर्ज द्या. मोजमाप आणि फोटोंचा अर्ज वेगळा ठेवा, दुरुस्तीच्या अर्जात तो अडकायला नको.

फोटो सगळे तिकीट खिडकीचेच काढतात. मी म्हणेन, सुरुवात किरकोळ बांधकामांपासून करा: दिवाबत्तीची खोली, मालधक्का, विहीर, गँगमनची (रूळ दुरुस्त करणाऱ्या कामगाराची) खोली, क्वार्टर. पाडापाडीत ही आधी जातात आणि यांची नोंद कुठेच उरत नाही. 30 मीटरचा टेप घ्या. प्रत्येक खोलीच्या चारही भिंती आणि दोन्ही कर्ण मोजा. कर्णाशिवाय खोली काटकोनात आहे की नाही ते कळत नाही. भिंतीच्या फोटोत खुणा केलेली काठी उभी धरा. नावाच्या फलकाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, तीही टिपा.

खांब किंवा तुळई म्हणून जुने रूळ वापरलेले दिसले तर रुळाच्या उभ्या पट्टीवर कागद धरून पेन्सिल आडवी घासा. कारखान्याचं नाव आणि साल उमटतं. पण ते साल रूळ बनल्याचं आहे, इमारतीचं नाही. जुने रूळ एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर जात असत.

जोत्याची उंचीही आवर्जून मोजा. नॅरोगेजचे फलाट रुळाच्या जवळपास समपातळीत असायचे. ब्रॉडगेजचा उंच फलाट रुळापासून 760 ते 840 मिमी वर येतो. म्हणजे इमारत पाडली नाही तरी जोतं भरावात गाडलं जाऊ शकतं, आणि मग पाणी दारातून आत.

डागडुजीत सगळ्यात मोठा घात सिमेंटने होतो. चुन्याने भरलेल्या सांध्यांत सिमेंट भरलं की भिंतीतली ओल बाहेर पडत नाही, विटांना लोणा (खार) लागून त्या भुरभुरतात. 1 भाग मुरवलेला चुना, 1 भाग सुरखी (विटांची भुकटी), 2 भाग चाळलेली वाळू घ्या आणि भरलेले सांधे आठवडाभर ओले ठेवा. पिंपळ उपटू नका, मुळाबरोबर दगड निघतो. बुंधा कापा, फुटवे खुडत राहा, मूळ वाळलं की मगच सांधा भरा.

खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग गेली असेल तर आपल्या काळ्या मातीचा संशय घ्या. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. भेगेवर प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी लावून तारीख लिहा. पट्टी तडकली तर भेग अजून हलतेय, तोवर ती बुजवणं वाया. त्याआधी छपराचं पाणी जोत्यापासून निदान 3 मीटर लांब काढा, आणि त्यासाठी चर खणाल तो जोत्याला लागून नको.