लोअर आर्मचा बॉल जॉइंट नकलमधून सुटतच नाही, काय करू?

आधी हातोडा खाली ठेवा.

तुम्ही लिहिलंय की २०१२ची स्विफ्ट आहे, नेरूळला सोसायटीच्या पार्किंगमध्ये डावा लोअर आर्म (चाकाला खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा हात) बदलायला घेतलाय, सकाळपासून ठोकताय आणि त्याच्या टोकाचा बॉल जॉइंट, म्हणजे गोळीचा सांधा, नकलमधून (ज्यावर चाक बसतं तो बिडाचा भाग) जागचा हलत नाही. त्यात एक वाक्य जाता जाता टाकलंय: ‘पिंच बोल्टचा नट काढला, बोल्ट जरासा बाहेर आला, पुढे येईना म्हणून तसाच ठेवला.’ अहो, सगळं दुखणं तिथंच आहे.

या जॉइंटचा दांडा सरळ गोल असतो आणि त्याच्या मानेला एक खाच असते. पिंच बोल्ट नकलचे दोन कान आवळतो, पण त्याशिवाय तो त्या खाचेतून आडवाही जातो, दाराच्या कडीसारखा. नट गळून पडला तरी बोल्ट जागेवर आहे तोवर चाक निखळू नये, म्हणून ती सोय. म्हणजे बोल्ट अर्धा जरी आत असला तरी तुम्ही कडी लावलेलं दार लाथेने उघडताय.

मला हे कळतं कारण मी नेमकं हेच केलंय. ठाण्यात, वर्तकनगरला, माझ्या जुन्या स्विफ्टवर, दोन तास. घोडबंदर रोडचा एक पावसाळा खाऊन उजवीकडून स्पीडब्रेकरवर टक-टक यायला लागली होती. गॅरेजवाल्याने सांगितलेली मजुरी जास्त वाटली आणि अंगात मेकॅनिक शिरला. शेवटी वरच्या मजल्यावरचा पोरगा खाली येऊन म्हणाला, ‘काका, आजी झोपल्यात.’ तेव्हा थांबलो, मोबाईलचा टॉर्च नकलच्या फटीत मारला आणि बोल्ट मधोमध आडवा बसलेला दिसला. तोवर मी त्याचं टोक ठोकून ठोकून भुईछत्रीसारखं फुलवून ठेवलं होतं. ते भोकातून जाईना. अर्धा तास कानस घासली.

तर पहिलं काम बोल्ट. नट परत चढवा, बोल्टच्या टोकाशी सपाट येईल इतकाच, म्हणजे मार नट खाईल आणि आटे वाचतील. आता ओढण्यापेक्षा फिरवायला बघा. डोक्याला रिंग पाना लावून आधी जरासा आवळायच्या दिशेने, मग उलट, मग परत. पाव पाव फेरा हलला तरी पुरे, गंजाची पकड फिरवण्याने सुटते. (काही गाड्यांत नट नसतोच, नकलच्या एका कानातच आटे असतात. तिथे बोल्ट ठोकलात तर नकल गेला. तुमच्याकडे नट आहे, म्हणजे भोक आरपार आहे.)

तेल मारा आणि वेळ द्या. डब्ल्यूडी-४० घरात असतंच, पण ते मुळात पाणी हटवायला बनवलेलं आहे, नावातल्या डब्ल्यूडीचा अर्थच तो. गंजात शिरणारं वेगळं स्प्रे मिळतं, ते बरं. नसेल तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, म्हणजे एटीएफ, आणि अ‍ॅसिटोन निम्मं निम्मं. ते आपोआप एकजीव राहत नाही, दर वेळी हलवून घाला. फटीतून, वरून, बोल्टच्या दोन्ही टोकांना घाला आणि जेवून या. खरंच जेवून या. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा खातो, म्हणून तो भोकात फुगून पाचर बसतो. आपल्याकडे खाडीची हवा आणि चार महिने पाऊस, त्यामुळे ही पाचर दणदणीत असते.

तरीही बोल्ट हलला नाही तर गॅस मारायचा. नकलचा कान तापवा, बोल्ट नाही. कान फुगला की पकड ढिली पडते. अ‍ॅसिटोन घातलं असेल तर ते पूर्ण उडून, पुसून झाल्याशिवाय ज्योत जवळ आणू नका. आणि शेजारी ब्रेकचा होज (रबरी नळी), ड्राइव्ह शाफ्टचं (चाक फिरवणाऱ्या दांड्याचं) रबर बूट आणि एबीएस असेल तर त्याची वायर आहे. ओल्या फडक्याने झाका. हात बसलेला नसेल तर हे मेकॅनिकला करू द्या, यात कमीपणा नाही.

बोल्ट निघाला की तो हातात धरून बघा. माझ्या बोल्टला मधोमध गंजाचा तांबडा पट्टा होता आणि एका बाजूला खाचेने दाबलेली चकचकीत चंद्रकोर. ती बघितल्यावर दोन तास काय करत होतो ते कळलं.

आता दांडा. नकलच्या फटीत रुंद छिन्नी बसवून हलकेच ठोका, कान केसभर उघडू द्या. केसभरच. बिडाचे कान जास्त ताणले की तडा जातो, आणि नवा नकल म्हणजे बेअरिंगसकट खर्च. बोल्ट नकलच्या आट्यांत बसणाऱ्या गाड्यांत एक छान युक्ती चालते: फटीत लोखंडी पट्टीचा तुकडा ठेवायचा आणि बोल्ट उलट्या बाजूने आट्यांत घालून त्या पट्टीवर टेकवत आवळायचा. कान आपोआप फाकतात. तुमच्याकडे आरपार भोक आहे म्हणून छिन्नीच.

मग आर्म खाली दाबायचा. तुम्ही आर्म पूर्णच बदलताय ना? मग आतल्या बाजूचे, आर्म सांगाड्याला जोडणाऱ्या बुशचे बोल्ट आधी काढा. बहुतेक जण ते शेवटी काढतात आणि इथेच फसतात. ते रबरी बुश गाडी जमिनीवर असतानाच्या उंचीला आवळलेले असतात. चाक लोंबकळलं की पीळ बसून ते आर्मला वर खेचतात. म्हणजे तुम्ही खाली दाबताय आणि बुश वर. आतून मोकळा केला की तो विरोध संपला. मग जॉइंटच्या जवळ, आर्मवर, वरून खाली दोन दणके. आवाजाकडे लक्ष द्या: अडकलेला असतो तेव्हा ठण्ण करतो, सुटायला लागला की थप्प. थप्प ऐकू आलं की पुढचं काम टॉमीचं, म्हणजे लांब पहारीचं.

सुटेल तेव्हा एकदम सुटेल, तोंड आणि बोटं खाली नकोत. खालून सुटलेला नकल बाहेर झुलू देऊ नका, तारेने बांधून ठेवा. नकल बाहेर ओढूही नका, ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट उपसून आला तर आजचा रविवार गेलाच, पुढचाही जाईल.

टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा दांडा नकलला जोडणारा सांधा) काढायची वेळ आली तर तिथला हिशोब वेगळा. त्याचा दांडा शंकूसारखा निमुळता, भोकात स्वतःच घट्ट बसणारा. तिथे नट काढून टाकायचा नाही, दोन आटे धरून ठेवायचा, पुलरने ताण द्यायचा आणि दांड्यावर नाही तर ज्या भोकात तो बसलाय त्या कानाच्या बाजूवर हातोडी मारायची. काट्यासारखं हत्यार घालून उचकटाल तर रबर फाटेल. एंड नवा टाकणार असाल तर फाटू दे.

नवा आर्म लावताना दांड्याची खाच बोल्टच्या भोकासमोर आणा. बोल्ट हाताने सरकत आत गेला पाहिजे. ठोकावा लागतोय म्हणजे खाच चुकलीय. बोल्ट-नट नवे घ्या, जुने स्वस्तातले वाचवू नका. टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, गाडीच्या मॅन्युअलचाच. आतले बुशचे बोल्ट मात्र शेवटी, चाक लावून गाडीचं वजन जमिनीवर आल्यावर आवळायचे. हवेत आवळलेत तर बुश कायमचे पिळात राहतात आणि लवकर फाटतात. मग अलाइनमेंट करून घ्या.

पार्किंगला पेव्हर ब्लॉक असतील तर जॅकखाली आणि स्टँडखाली प्लायचा तुकडा घाला, ब्लॉक खचतात. काढलेलं चाक दाराखालच्या पट्टीखाली आडवं सरकवून ठेवा. आज बोल्ट निघालाच नाही तर गाडी तशीच स्टँडवर राहू दे आणि मेकॅनिकला तिथेच बोलवा. अर्धा ठोकलेला बोल्ट तसाच ठेवून, चाक चढवून, ‘तुर्भ्यापर्यंतच तर न्यायचीय’ म्हणून निघू नका.